उलट्या काळजाची
मी शिकवायचे त्या वर्गातली पोरं मला पाठीमागे 'उलट्या काळजाची' म्हणायची. त्यांना कुठे ठाऊक, माझं काळीज जन्मापासून खरंच उलटं, उजवीकडे आहे आणि दुबळंही! त्याच्या मदतीला पंप बसवलाय. पोरांपैकीच आता इंजिनिअर झालेल्या एकाने माझ्या हृदयाची रबरी प्रतिकृती टेबलावर मांडून तिच्यावर हा पंप वर्षभर तपासला. या पंपामुळे नाडी लागत नाही, फक्त गुणगुण ऐकू येते. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा तोच माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावून पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभा होता. "सिस्टर, आवाजच नाहीये!" अंगात त्राण नव्हतं, नाहीतर कानच पिरगाळला असता. "गाढवा, डावीकडे काय शोधतोस?" त्याने जीभ चावली, चकती उजवीकडे सरकवली, ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसला. "चालतोय, बाई! अगदी टेबलावरच्यासारखा!" त्याचे डोळे वाहत होते. म्हटलं, "बाईंचं काळीज सापडलं ना रे? सांग जाऊन सगळ्यांना."