उजवा रूळ

"कामावर हायेस का संपावर?" हवालदार बद्रीनाथने विचारलं.

तातेराव नाल्याच्या पुलाशी उकिडवा बसला होता. हातात हातोडा, पण अंगात घरचा सदरा. रुळांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत तो वीस वर्षं रोज सकाळी बदनापूर स्टेशनपासून या पुलापर्यंत यायचा. येताना डावा रूळ, परतताना उजवा. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप सुरू झाला आणि सहा दिवस चाव्यांना कुणी हात लावला नव्हता.

"संपावर," तो म्हणाला.

"मंग हे काय करून राह्यला?"

"चाव्या ढिल्या झाल्यात. उन्हानं रूळ लांबतो. तुमच्या सरकारची गाडी यायचीय ना आत्ता."

दिवसाला एक पॅसेंजर सरकार हट्टाने चालवत होतं, आणि तिच्यात माणसं बसतच होती.

बद्रीनाथने कपाळावर हात मारून घेतला. संप बेकायदा ठरल्याचा कागद त्यानेच स्टेशनच्या भिंतीला चिकटवला होता. संपवालेही बरेच उचलले होते. पण संप मोडेना आणि काम सोडेना, असलं येडं त्याच्या गळ्यात पहिल्यांदाच पडलं होतं.

"हे बघ, हजेरीबुकात सही टाक. कामावर व्हतो म्हण. बिलकुल मोकळा. न्हाई तर संपावरचा माणूस हातोडा घेऊन रुळावर, म्हंजे घातपात. सालभर बाहेर येत न्हाईस."

तातेरावला भीती वाटली. क्वार्टर खाली करायची नोटीस दाराला होती, घरात ज्वारी दोन दिवसांची. तरी निघताना बायकोने, गिरिजाबाईने, एवढंच विचारलं होतं, "सही कराया न्हाई ना चालले?"

"सही न्हाई करणार, जमादारसाहेब. समद्यांनी मिळून शब्द दिलाय."

बद्रीनाथने त्याचे हात दोरीने बांधले, हातोडा काखेत मारला आणि दोघे स्टेशनकडे निघाले. तातेराव सवयीने उजव्या रुळाच्या कडेने चालत होता. वळणावर तो थांबला. ओळीने सात-आठ चाव्या अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

"दोन मिनिटं हात सोडा."

"जमत न्हाई. तू आता आरोपी हायेस."

"मंग तुम्ही ठोका."

"हातोडा मुद्देमाल हाय. पंचनाम्याआधी त्याचा वापर करता येत न्हाई."

तातेराव तिथेच रुळावर बसला. बद्रीनाथने दंडाला धरून ओढलं, शिवी दिली, पुन्हा ओढलं. लांब स्टेशनच्या बाजूला गाडीसाठी सिग्नलचा हात खाली पडला.

बद्रीनाथने सिग्नलकडे पाहिलं. मग मागे-पुढे कुणी नाही ना, तेही पाहिलं. काठी खडीवर ठेवून तो खाली वाकला.

"कुठून मारू?"

"कडेनं. वरून न्हाई, कडेनं."

पहिला घाव रुळावरच बसला. दुसऱ्याला चावी आत गेली. बद्रीनाथ घाम पुसत उठायला लागला.

"ही झाली," तातेराव म्हणाला, आणि बांधलेल्या हातांनी त्याने पुढची दाखवली.