फणसावरची हडळ

"भूत हा भित्र्या मेंदूचा शोध आहे!" अशी गर्जना करून पेडणेकर मास्तरांनी बायकोने खिशात टाकलेलं लिंबू चाचपलं.

फणसावरच्या हडळीला घाबरून डांबरी रस्तासुद्धा वळसा घालून गेला होता. त्या दंतकथेचा छडा लावायला मास्तर वही घेऊन आले होते.

"हडळ? मीच ती," झाडाची मालकीण अनसूयाकाकी म्हणाल्या. "सासूबाईंनी लावलेला फणस रस्त्यासाठी तोडायला आले, तेव्हा मी पांढरं लुगडं नेसून, केस सोडून वर चढून बसले. साठीची होते. कुऱ्हाडी टाकून पळाले मेले! खरं लिहिलंत, तर परत येतील."

मास्तरांनी म्हातारीला मनोमन हात जोडले आणि वहीत ठळक अक्षरांत लिहिलं, 'हडळ आहे. स्वतः पाहिली.'

"देव भलं करो," काकी म्हणाल्या. "पण हडळीच्या भीतीनं गावातलं कुणी वर चढत नाही. तेवढा पिकलेला फणस उतरवून द्या."