सगळं हिरवं

"एकदाच बघतोस का रे, ऑक्टाव्ह? जाण्याआधी मला कळू दे तरी."

विओरिकाबाईंनी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. मागच्या लांब टेबलावर त्यांनी घरून करून आणलेले केक मांडले होते, आंबट चेरीची गोड दारूही होती. निरोप आपला असला तरी खाऊ आपणच आणायचा, ही आमच्या याश शहरातल्या ऑफिसांची रीत.

कंपनी इस्पितळातल्या सलाईनच्या पंपांसाठी प्रोग्रॅम लिहायची. त्यातला एकेक भाग बाई एकोणीस वर्षं हाताने तपासत आल्या होत्या, नर्ससारख्या बसून, आकडे टाकून. यंदा ऑक्टाव्हने त्याच तपासण्या आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या. भाग नीट चालला की पडद्यावर हिरवी ओळ, चुकला की लाल. तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी दोनशे चौदा हिरव्या ओळी मोजल्या आणि आता हाताच्या तपासणीची गरज नाही असं जाहीर केलं; म्हणून आज बाईंचा निरोप.

दोनशे पंधरावी लाल होती. साहेब यायच्या दहा मिनिटं आधी ऑक्टाव्हने ती तपासणीच बंद करून टाकली. सोमवारी बघू, असं मनाशी म्हणाला. पण साहेबांनी पाठ थोपटली, ऑफिसभर नाव झालं, आणि मग कुठल्या तोंडाने सांगायचं म्हणून हा पठ्ठ्या मूग गिळून बसला.

बाईंनी औषधाच्या चौकटीत सावकाश टाइप केलं. दोन, स्वल्पविराम, पाच. म्हणजे अडीच. आमच्याकडे दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात; कुठलीही नर्स अडीच असंच लिहिते. ऑक्टाव्हने मात्र प्रोग्रॅमवाल्यांच्या सवयीने सगळ्या तपासण्या टिंब देऊन लिहिल्या होत्या. स्वल्पविरामाची एकच होती, आणि तीच त्याने बंद केली होती.

पडद्यावर पंचवीस उमटले.

"बघ! परत तेच." बाई ओशाळून हसल्या. "साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मशीन बरोबर म्हणतंय, तर बाई, तुमचंच बोट निसटत असणार. असेलही रे. घरी जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून सराव करते मी. नवरा म्हणतो, या वयात पियानो शिकतेस की काय!"

ऑक्टाव्हला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'होतं असं कधीकधी,' हे वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते आलं होतं याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"तुमचं बोट नाही निसटत," तो पुटपुटला.

मग त्याने फाईल उघडली, बंद केलेली तपासणी चालू केली आणि सगळ्या स्क्रिप्ट एकदम चालवल्या. दोनशे चौदा हिरव्या. तळाला एक लाल.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ वाकून वाचलं. ती तपासणी कुठल्या तारखेला बंद झाली आणि कुणी केली, दोन्ही तिथंच लिहिलेलं होतं.

"सोमवारपासून हे इस्पितळांत जाणार ना?"

"हो. मी आत्ताच्या आत्ता साहेबांना मेल करतो."

"मेल कसला करतोस? साहेब तिथं माझा केक खातायत. माझ्या बोटाची चर्चा सगळ्यांसमोर झाली होती, बाळा. तोंडाने सांग."

तो उठला. टेबलाशी जाऊन त्याने घसा खाकरला, तशा गप्पा थांबल्या. साहेब खूश झाले.

"अरे वा, आमचा ऑक्टाव्ह दोन शब्द बोलणार! चला, बाईंच्या नावाने!"

सगळ्यांनी ग्लास उचलले, आणि हसऱ्या चेहऱ्यांनी त्याच्याकडे बघत थांबले.