रिकामे ठोके

पोरीला हाताला धरून घरी न्यायचंच, असं ठरवून माधवी विहाराच्या पायऱ्या चढली.

उन्हाळ्यात नवरा अपघातात गेला. तेव्हापासून घरात साक्षीच्या तोंडून ‘हो’ नाहीतर ‘न्हाई’, यापुढे शब्द निघत नव्हता. आणि इथे मात्र दर रविवारी, बारावीतल्या सिद्धोधनच्या माइकपुढे, ती म्हणे घडाघडा बोलते. रॅप म्हणतात त्याला. “तुझी साक्षी लय मोकळी झाली गं,” असं शेजारच्या गीताबाईने कौतुकाने सांगितलं होतं. ते कौतुक माधवीच्या घशाखाली उतरलं नव्हतं. पोर आपल्या पोटची, आणि तिचं रडणं ऐकायला ही परकी पोरं!

व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर स्पीकर धडधडत होता. पोरं भोवती बसली होती. पाठमोरी साक्षी मान हलवत म्हणत होती,

“गॅसवरचं दूध उतू जायलं,
दारात कुणी पप्पाचं नाव घ्यायलं,
मी आईकडं पाह्यलं, आई म्हणाली –”

आणि ती थांबली. ठेका एकटाच वाजत राहिला.

विसरली! माधवीला उगीचच बरं वाटलं. “काय रे सिद्धोधन, एवढंच शिकवलंस का?”

साक्षी दचकून वळली. सिद्धोधनने आवाज बारीक केला. “इसरली न्हाई काकू. ती दरवेळी इथंच थांबती. मी म्हणलं, काहीतरी घाल की, मोकळं वाटायलंय. तर म्हणती, ती जागा माझी न्हाई.”

“मग कुणाची हाय?”

“तुझी,” साक्षी फरशीकडे बघत म्हणाली. “त्या दिवशी तू काहीच बोलली न्हाईस. अजून पण न्हाई.”

पोरीला धरायला पुढे केलेला माधवीचा हात तसाच राहिला. साक्षीने त्यात माइक ठेवला.

सिद्धोधनने आवाज वाढवला. साक्षी माइकशिवायच म्हणू लागली. दूध उतू गेलं, दारात नाव घेतलं गेलं. “आई म्हणाली –”

माधवीने पदर तोंडावर दाबला. ठोके रिकामेच गेले. कुणी हसलं नाही. साक्षीने पुन्हा पहिल्यापासून धरलं.

या खेपेला माधवीने तोंडावरचा पदर बाजूला केला.