छाटणीचा क्रम

"मामाजी, हात. तुमचा हात जळून राह्यला."

सुनेचे, प्रेमिलेचे, शब्द कानी पडले तेव्हा इस्तारीभाऊंनी खाली पाहिले. निखाऱ्यांवर धरलेल्या करवतीचे तापलेले पाते त्यांच्या तर्जनीला टेकले होते आणि कातडी पांढरी पडली होती. त्यांनी बोट झटकले, धोतराला पुसले आणि ते पुन्हा लिंबोणीकडे वळले.

"काही नाई झालं. चाळीस वर्षं करवत तापवली या हातानं. कातडं झालं हाय त्याचं."

तेवढ्यात मनसाराम धावत आला. त्याने वडिलांच्या हातातून करवत काढून घेतली. हळुवारपणे घेतली, पण घेतली.

"बाबा, आता मी करतो. तुमी नुसतं सांगा."

गोंडपिपरीच्या अलीकडे, नाल्याच्या काठी, साठ लिंबोणींची ती बाग इस्तारीभाऊंनी एकेक रोप खांद्यावरून वाहून उभी केली होती. छाटणी हे त्यांच्या लेखी व्रत होते. फळ उतरल्यावर, माघ सरता सरता, कोरड्या हवेतच ती करायची; दव वाळल्यावाचून करवतीला हात लावायचा नाही, कारण ओल्या फांदीची जखम रोगाला वाट देते. काप तिरपा हवा, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. एक झाड झाले की पाते निखाऱ्यांवर धरायचे, आणि जखमेवर मोरचूद-चुन्याचा लेप लगेच द्यायचा. या सर्वांहून थोर नियम क्रमाचा होता. निरोगी झाडे आधी. खैऱ्या रोग लागलेले झाड अगदी अखेरीस.

"पातं तापवलंच हाय, मंग क्रम कायले पाहिजे?" मनसारामने लहानपणी विचारले होते.

"विस्तवाचा भरवसा नाई, बापू. करवतीचा एखादा दाता थंडा राहून जाते."

बोट भाजले त्या दिवसापासून इस्तारीभाऊ बांधावर बसून काठीने फांद्या दाखवू लागले. काम मनसाराम करी, आणि उत्तम करी. हेच त्यांना अधिक बोचत होते.

आठवड्याने त्यांची खाट बागेतल्या खोपीत आली. "राखणीले तुमच्यासारखं कोणी नाई, बाबा," मनसाराम म्हणाला. जेवणही तिथेच येऊ लागले, नव्या कोऱ्या पितळी थाळीत. प्रेमिला थाळी ठेवी आणि चार पावले मागे सरून, पदर सावरून उभी राही. नात कमळा मात्र आजोबांकडे येईनाशी झाली. "तिले शाळेतला अभ्यास हाय," असे उत्तर मिळे.

इस्तारीभाऊंना सारे लख्ख दिसत होते. मुलाला बाग हवी होती. मूल गावच्या बाजाराला म्हणून नेऊन त्याने त्यांना एका डॉक्टरापुढे बसवले होते. डॉक्टराने हात उलटेपालटे करून पाहिले, बोटांना टाचणी टोचून 'लागते का' विचारले, मग मनसारामला बाहेर नेऊन तो बराच वेळ बोलला. परतताना बैलगाडीत मनसाराम इतकेच म्हणाला, "अशक्तपणा हाय म्हणते. काम बंद करा म्हणते."

तो डॉक्टर कोणाच्या सांगण्यावरून बोलला, हे ओळखायला इस्तारीभाऊंना पोथी उघडावी लागली नाही. ज्याची बोटे धरून काप शिकवला, त्यानेच करवत हिरावली होती.

एके दुपारी त्यांनी शेजारच्या बुधूला बांधावर हटकले.

"बुधू, होळीच्या आदल्या दिवशी पंच बसते. मी माझी बाग परत मागणार हाओ. तू साक्ष देशीन का?"

बुधू बांधाच्या पलीकडेच उभा राहिला. "भाऊ, बाग तुमचीच हाय. कोण नाई म्हणते?"

"माझा पोरगा."

"तो? तो त परवा पाराजवळ बसून रडत होता तुमच्यासाठी."

"रडाले काय लागते? करवत वापस कर म्हणा."

बुधूने नांगराच्या फाळाला लागलेली माती बोटाने काढली. "येतो मी पंचापुढं," तो शेवटी म्हणाला. "पण भाऊ, तुमी नका जाऊ चार माणसांत."

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी इस्तारीभाऊ धुतलेले धोतर नेसून घराकडे निघाले. पंचांपुढे वाढलेल्या दाढीने उभे राहणे त्यांना मान्य नव्हते. मुखरू म्हाली दर पंधरवड्याला त्यांच्या अंगणात वस्तरा घेऊन बसे, आणि गेली तीस वर्षे तो वस्तरा प्रथम घरधन्याच्या गालावर चाले.

अंगणात मुखरूपुढे मनसाराम, पुतण्या इसरू आणि बुधू बसले होते. इस्तारीभाऊ पाटाकडे निघाले.

"राम राम, भाऊ. बसा जरा सावलीत," मुखरू म्हणाला आणि त्याने इसरूला पुढे घेतले.

इसरूमागून मनसाराम बसला. इस्तारीभाऊंनी तेही गिळले.

"मुखरू, या घरचा धनी कोण हाय आता?"

"तुमीच, भाऊ. दुसरं कोण?"

"मंग मी सावलीत काऊन?"

मुखरूने मनसारामकडे पाहिले. मनसारामने मान किंचित हलवली. "बुधू, ये बाबा," मुखरू म्हणाला.

परक्या घरचा माणूस त्यांच्या आधी पाटावर बसला. इस्तारीभाऊ उठले. त्यांचा आवाज शांत होता.

"मनसाराम, बाग घेतली, करवत घेतली. मुखरूचा वस्तरा बी तूच विकत घेतला का?"

मनसारामने दोन्ही हातांनी तोंड झाकले. प्रेमिला दारातून आत वळली. बुधू अर्धी दाढी घेऊन खाली मान घालून बसला होता. मुखरूने ती घाईने पुरी केली, आणि बुधू फाटकाबाहेर गेला.

मुखरूने पाट धुतला. वाटीत नवे पाणी घेतले. मग हात जोडावेत तसे वस्तऱ्याभोवती दोन्ही तळवे धरून तो खालच्या आवाजात म्हणाला,

"या, इस्तारीभाऊ. तुमची दाढी झाली का आता हा वस्तरा कोणाच्याच अंगाले लावाचा नाई."