दहा दिवसांचं वेळापत्रक

"दहा दिवसांत युरोपातले सात देश होत नाहीत," मी खोडरबर हातात घेत म्हणालो. छत्तीस वर्षं एसटीची वेळापत्रकं बसवली आहेत. कागदावर धावणारी गाडी रस्त्यावर कुठे अडकते, हे मला कुणी शिकवायला नको. "बोल, काय काढू?"

बायको समोर बसून शेंगा सोलत होती. "पॅरिस काढा," ती म्हणाली. मग स्वित्झर्लंड काढायला लावलं, मग रोम. ज्या ठिकाणांसाठी तिने वर्षभर माझं डोकं खाल्लं, ती सगळी तिने एका दमात सोडली. "फक्त बेल्जियममधलं ते गेंट राहू द्या."

"त्या गावात आहे काय एवढं?" मी वैतागलो.

"तुमची नात आहे. अडीच वर्षांची."

खोडरबर हातातच राहिलं. मुलाने न विचारता लग्न केलं, तेव्हापासून सहा वर्षं मी या घरात त्याचा विषय काढू दिला नव्हता. तो बेल्जियममध्ये असतो, हेही मला ठाऊक नव्हतं. हिला सगळं ठाऊक होतं, आणि ती रोज माझ्या शेजारी बसून शांतपणे जेवत होती.

ओरडायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच. "नाव काय तिचं?"

"द्वारका. तुमच्या आईंचं ठेवलंय त्याने."

उरलेले देश मी एकेक करून पुसले. गेंटसमोर लिहिलं, मुक्काम दहा दिवस. मग हिला विचारलं, "पुरतील ना?"