नळी कोणाच्या घरी

"नळी अजून व्हर्नाकडेच आहे?" सिग्नेने विचारलं.

बाबा बशीतला बटाटा काट्याने चिवडत होते. "राहू दे की," ते म्हणाले.

मंजुरीचा कागद येऊन आठवडा झाला होता. फ्रिजच्या दारावर, आईच्या सामानाच्या यादीशेजारी तो चुंबकाखाली लटकत होता.

सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल जोडायची तर आधी सरकारी मंजुरी लागते. तोवर ती नळी आणि रायफलचा सांगाडा एका छपराखाली ठेवायचे नसतात. सुटे असले तरी जोडायचा बेत होता, असं धरलं जातं. म्हणून बाबांच्या, म्हणजे ऑर्विल ट्वाइट यांच्या घरी एक रीतच पडून गेली होती. सांगाडा बाबांच्या कपाटात, नळी लेकीच्या घरी. बारा वर्षांत अशा तीन रायफली झाल्या. बनवणाऱ्याचं नाव आणि गाव सांगाड्यावर कोरावं लागे. बाबा अक्षरं कोरत आणि सिग्ने सांगाडा घट्ट धरून ठेवी. मंजुरी आली की ती टॉवेलात गुंडाळलेली नळी घेऊन यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडणी व्हायची, आणि टेबलक्लॉथला तेल लागलं म्हणून आई दोघांनाही बोलायची.

ही चौथी आईसाठी होती. वासरांच्या दिवसांत कोल्हे हाकायला हलकी, आखूड. अर्ज गेला आणि मार्चमध्ये आई गेली. दफनानंतर दुसऱ्याच दिवशी बाबा सिग्नेच्या दारात उभे राहिले आणि नळी परत मागितली. व्हर्नाकडे ठेवतो, म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

व्हर्ना आईची मैत्रीण. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, विधवा, ओढ्यापलीकडे एकटी राहणारी.

तेव्हापासून सिग्ने मोजत होती. आठवड्यातून तीनदा बाबांचा पिकअप व्हर्नाच्या अंगणात दिसे. घरात चार-चार दिवस दाढीचे खुंट वाढवून बसणारा माणूस तिकडे निघाला की दाढी करी. पेंडीच्या दुकानातला हॅल्वर तिला म्हणाला होता, "तुझा म्हातारा हल्ली इस्त्रीचा शर्ट घालतो म्हणे. बघ बाई, तुझ्या आधी त्याचंच लग्न व्हायचं." ती हसली होती. घरी येईपर्यंत ते हसू तोंडात कडू झालं होतं. बाबांचा पट्टाही दोन भोकं आत गेला होता. या वयात माणूस कोणासाठी बारीक होतो, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या रविवारी जेवण उरकून ती सरळ ओढ्यापलीकडे गेली.

व्हर्ना सफरचंदं सोलत होती. तिने कॉफी विचारली. सिग्ने बसली नाही.

"मंजुरी आलीय. नळी न्यायला आले."

"ऑर्विलने पाठवलं?"

"हो," सिग्ने खोटं बोलली.

व्हर्नाने सुरी खाली ठेवली. हात पुसले आणि उठून भिंतीतल्या कपाटापुढे उभी राहिली. "मग तर मुळीच नाही."

"ती नळी माझ्याकडे असायची. कायम."

"ठाऊक आहे."

"आईला जाऊन सात महिने होतायत, व्हर्ना. तिच्या खुर्चीत बसायची इतकी घाई होती तुम्हाला?"

व्हर्नाने गळ्यातली किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

नळी तिथे होती. तिच्या शेजारी बाबांच्या एकूण एक रायफलीचे बोल्ट ओळीने ठेवलेले होते. बोल्ट काढला की रायफल म्हणजे नुसती काठी. बाबांचं जुनं रिव्हॉल्व्हरही होतं. प्रत्येक वस्तू आईच्या स्वयंपाकघरातल्या निळ्या फडक्यात गुंडाळलेली.

ती फडकी पाहून सिग्नेचा आवाज फाटला. "हे सगळं तुम्हाला दिलं? माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता बाबांचा?"

"दफनानंतर स्वतःच घेऊन आला. 'मी एकटा असताना हे घरात नको,' एवढंच म्हणाला," व्हर्ना म्हणाली. "दाढी करून माणसात यावं म्हणून आठवड्यातून तीनदा मीच बोलावते. त्यात तीनदा त्याने हे परत मागितलं. परवा इथेच, या दारात गुडघ्यांवर बसला. मी दिलं नाही."

सिग्नेने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली.

"मग माझ्याकडे का नाही ठेवलं?"

व्हर्नाने कपाट बंद केलं, किल्ली पुन्हा गळ्यात घातली.

"मीही विचारलं होतं. म्हणाला, 'सिग्नेकडे नको. मी रडलो की ती देऊन टाकेल.'"